चुलीपासून सहा फुटांवर

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात हल्ली गावागणिक कोणीतरी व्हिडिओ करतंय. कोणी माहुली, गोरखगड, नाणेघाटाच्या वाटा दाखवतं, कोणी लावणी-झोडणी, कोणी घरचा स्वयंपाक. मी रानभाज्यांपासून सुरुवात केली. नव्याने कॅमेरा घेणारी मुलं माझ्याकडे आली की पहिला प्रश्न एकच असतो, "ताई, लेन्स कुठली घेऊ?" लेन्सवर घातलेले माझे सुरुवातीचे बहुतेक पैसे चुकीच्या ठिकाणी गेले, आणि नेमकी तीच खरेदी आजही बरेच जण करायला निघतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कॅनन २००डी घेतला तेव्हा त्याच्यासोबत १८-५५ची किट लेन्स आली होती. फुकटात आली म्हणून मी तिला कमअस्सल समजले. शहरातल्या लोकांच्या व्हिडिओंत माणूस ठळक आणि मागचं सगळं धूसर दिसायचं, ते मला हवं होतं. त्यासाठी ५० एमएम, एफ १.८ घ्यावी असं सगळीकडे ऐकलं आणि घेतली. लेन्स उत्तमच आहे. किट लेन्सचं छिद्र १८वर जास्तीत जास्त एफ ४पर्यंत उघडतं, त्याच्या जवळजवळ पाचपट उजेड ही आत घेते. पण मी उजेडाचा हिशोब केला, अंतराचा केलाच नाही.

धसईला आत्याकडे शेवळांच्या रानभाजीचा व्हिडिओ करायला गेले. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, तेव्हा मुरबाडच्या आणि शहापूरच्या बाजारात कातकरी-ठाकर बायका जुड्या घेऊन बसलेल्या असतात. आत्याचं चुलीचं घर दहा बाय दहाचं. भिंतीला पाठ टेकवून उभी राहिले तरी आत्या माझ्यापासून फार तर सहा-साडेसहा फुटांवर. लहान सेन्सरच्या या कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स ८०सारखी वागते. कॅननचा हा गुणाकार १.६चा, सोनी-निकॉनचा १.५चा. तेवढ्या अंतरावरून तिच्यात जेमतेम तीन फूट रुंदीचं दृश्य मावतं, आणि उंची त्याहून कमी. मी आत्याचा चेहरा धरला. चुलीचा उजेड गालावर, मागची काळी भिंत धूसर. सुंदर दिसत होतं. आत्या बोलता बोलता शेवळाचं वरचं आवरण सोलत होती, आतला पिवळा भाग मोडून बाजूला टाकत होती, खाज मारायला काकडाची फळं वाटून घेत होती. त्यातलं काहीच माझ्या चौकटीत नव्हतं. हात दाखवायला म्हणून कॅमेरा खाली नेला, तर ती लेन्स ३५ सेंटिमीटरच्या आत फोकसच धरत नाही. शिवाय एफ १.८वर फोकसची पट्टी इतकी अरुंद, की आत्या जरा पुढे वाकली की चेहराही गेला.

व्हिडिओ लोकांना आवडला. आमच्याच गावातल्या एका सुनेने तो बघून शेवळं केली. पिवळा भाग काढायचा हे आत्या तोंडाने म्हणाली होती, पण ओघात. डोळ्यांना ते कुठेच दिसलं नव्हतं. त्या घरातल्या सगळ्यांचे घसे खाजले, लहान पोराचा सर्वात जास्त. मी तो व्हिडिओ त्याच दिवशी काढून टाकला. ज्या माणसाची विद्या दाखवायला आपण जातो, त्याचे हात दिसत नसतील तर चेहरा कितीही देखणा आला तरी ते काम अपुरं आहे, आणि खाण्याच्या बाबतीत तर धोक्याचं आहे.

तीच जागा, तीच भिंत. किट लेन्स १८वर ठेवली असती तर आठ फूट रुंदी मावली असती. आत्या, चूल, पाटा, टोपली, सगळं. उजेड कमी पडला असता हे खरं, पण मागचं दार उघडून आत्याला त्याच्याकडे तोंड करून बसवलं असतं तरी भागलं असतं. फोनवर केलेले घरगुती व्हिडिओ कित्येकदा जास्त चांगले का दिसतात, त्याचंही कारण हेच. फोनचा मुख्य कॅमेरा मोठ्या सेन्सरच्या हिशोबात साधारण २४ ते २८ एमएमच्या बरोबरीचा असतो. आपल्या घरांच्या खोल्यांना तेवढीच रुंदी सोसते.

बाहेरही मी ५०च वापरत राहिले. आसनगावच्या बाजूने माहुलीचे सुळके ज्याने पाहिलेत त्याला सांगायला नको, तो डोंगर मागे असताना नुसत्या तोंडाचा व्हिडिओ करणं म्हणजे काय वाया घालवणं आहे. हात लांब करून कॅमेरा स्वतःकडे धरला की ५०मध्ये दहा-अकरा इंच रुंदी मावते. नुसता चेहरा. आणि त्यामागे हिरवट-करडा डाग, तो माहुली. लोक विचारायचे, हे कुठलं ठिकाण? मग मी दुसऱ्या टोकाला गेले आणि १०-१८ची वाइड लेन्स घेतली. तिच्यात सगळं मावलं, पण माहुली मागे टेकडीएवढा झाला आणि कडेला उभ्या असलेल्या मैत्रिणीचा चेहरा ताणल्यासारखा दिसू लागला. जवळचं मोठं आणि लांबचं लहान, हे आपण कुठे उभे राहतो त्यावर ठरतं, लेन्स फक्त चौकट कापते, हे मला तेव्हा उमगलं. माहुली मोठा हवा असेल तर बोलणाऱ्याला माइक लावायचा, आपण शेतातून भरपूर मागे जायचं, तीच ५० लावायची आणि छिद्र एफ ८पर्यंत बारीक करायचं. माणूस आणि सुळके दोन्ही येतात. म्हणजे १०-१८वर घातलेले पैसे त्या कामासाठी लागणारच नव्हते. ती आज मला फक्त लेण्यांत आणि अगदी अरुंद घरांत उपयोगी पडते.

भरउन्हात आणखी एक घोळ केला. एफ १.८ सोडवत नव्हतं म्हणून शटर वाढवत नेला, १/२०००पर्यंत. लावणीत बायकांचे हात किती लयीत चालतात. माझ्या व्हिडिओत ते तुटक, झटके दिल्यासारखे चालले. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवायचा आणि उजेड कमी करायला लेन्सवर एनडी फिल्टर लावायचा, हा साधा उपाय होता. १/५०चा दुसरा फायदा असा, की आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे घरातले दिवे व्हिडिओत लुकलुकत नाहीत.

म्हसाच्या यात्रेबद्दल मात्र मला लेन्सपलीकडचं सांगायचं आहे. पौष पौर्णिमेला ही यात्रा सुरू होते. बैलबाजार आणि घोंगड्या यांसाठी लांबलांबून लोक येतात. तिथे बैलाचा सौदा होताना घेणारा आणि दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. मला ते हवं होतं. कोणाला अडचण नको, लोक सावध होऊन अवघडायला नकोत, म्हणून मी ५५-२५० घेतली आणि लांबून चित्रण केलं. उपरणं नीट आलं. पण मध्ये सारखी माणसं येत राहिली, एवढ्या लांब पल्ल्यावर हाताच्या थरथरीने चित्र डुललं, आणि आवाजाच्या नावाने भोंगे नि गर्दी. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते उठून जवळ आले आणि विचारलं, "पोरी, चोरून कशाला काढतेस? इथं ये की."

मला फार वाईट वाटलं. लाजऱ्या माणसाला लांब पल्ल्याची लेन्स सोयीची वाटते, कारण तिच्यामुळे बोलावं लागत नाही, विचारावं लागत नाही. मी आदर म्हणून जे करत होते ते त्यांना चोरीसारखं दिसलं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. किट लेन्स लावून मी त्यांच्या शेजारी घोंगडीवर बसले. बैलाचे दात कसे बघायचे, शिंग-खूर कसे पारखायचे, हे त्यांनी स्वतः दाखवलं. तो माझा सर्वात चांगला व्हिडिओ आहे, आणि तो सगळा २४ ते ३५च्या दरम्यान झाला आहे. ५५-२५० पक्ष्यांसाठी आणि दूरच्या कड्यांसाठी आहे, माणसांसाठी मी ती आता काढत नाही.

मग मुलांना मी काय सांगते? आधी किट लेन्सवरच काम करा. झूमची रिंग १८, २४ किंवा ३५वर चिकटपट्टीने अडकवा आणि काही दिवस तेवढ्यावरच चित्रण करा. कुठल्या आकड्यावर तुमचं घर, तुमची माणसं, तुमचं शेत मावतं ते कळलं की मग त्या आकड्याची लेन्स शोधा. माझा आकडा २४ निघाला. कॅननची २४ एमएम, एफ २.८ ही लेन्स सव्वाशे ग्रॅमची, जेमतेम पाऊण-एक इंच जाडीची आहे आणि १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस धरते. शेवळाचं आवरण सोलणारी बोटं त्या अंतरावरून दिसतात. तिच्यात स्टॅबिलायझर नाही, म्हणून चालताना ती वापरू नये. आणि लेन्सच्या आधी माइक घ्या. चित्र थोडं गडद असलं तरी लोक बघतात, बोलणं ऐकू आलं नाही तर सोडून जातात.

आमच्या पावसाचं वेगळं सांगायला हवं. पहिल्या वर्षी ५०ची लेन्स मी कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवली. दसऱ्याला काढली तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी. साफ करून घेतली, पण उजेडासमोर धरली की चित्र अजून किंचित दुधाळ येतं. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करून घेते. माळशेजच्या धुक्यातून आल्यावर लेन्स ओढणीने पुसत नाही, आधी ब्लोअरने कण उडवते.

त्यामुळे जुनी लेन्स घेणाऱ्यांनी एवढं कराच. दोन्ही टोपणं काढून मागच्या बाजूने टॉर्च लावा आणि पुढून तिरकं बघा. धूळ असली तरी चालते. जाळं दिसलं तर स्वस्त म्हणून घेऊ नका. मग ती कॅमेऱ्यावर लावा, खोलीत शांतता करा आणि फोकस जवळ-लांब करत एक मिनिट रेकॉर्ड करा. ऐकताना मोटारीची घरघर आली तर ती लेन्स फोटोंसाठी ठीक आहे, कॅमेऱ्याच्याच माइकवर बोलणाऱ्याने घेऊ नये.