चाकांवरच्या संसाराचा दिवा

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. कोल्हापुरातून शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर करीत शिरोळकडे निघावे. दोन्ही अंगांना तुऱ्यावर आलेला ऊस, पुढे-मागे उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या. याच ट्रॉल्यांतून हंगामाच्या तोंडाला बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतील तोडणी टोळ्या येतात. भांडी, चूल, अंथरुणे, कोंबड्या, शेळी आणि वर बसलेली लेकरे असा अख्खा संसार चाकांवर आलेला असतो. अलीकडे या सामानात एक नवी वस्तू दिसते. गोधडीत जपून गुंडाळलेली, निळसर काळी सोलर प्लेट.

नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. या नद्यांकाठची काळी जमीन म्हणजे उसाचे आगर. उसात उंदीर, आणि उंदरामागे नाग, घोणस, मण्यार. मण्यार तर रात्री अंथरुणाशी येते. टोळीला पहाटेच्या अंधारात उठून भाकरी थापाव्या लागतात, बाईमाणसाला अंधारात बाहेर जावे लागते. अशा वेळी कोपीतला एक दिवा केवढा आधार! अडचणीला १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची, तर फोनही चार्ज असला पाहिजे. म्हणून प्लेट बंद पडली की नुसती गैरसोय होत नाही, जिवाला घोर लागतो.

बहुतेक अड्ड्यांवर तक्रार एकच ऐकू येते : ‘दिवसभर ऊन खाऊनही दिवा आठालाच विझतो. बॅटरी गेली वाटतं.’ आणि नव्या बॅटरीसाठी मुकादमाकडून आणखी उचल घेतली जाते. वाचकहो, घाई इथेच नडते. शेवटच्या सरीला पाणी पोचले नाही, म्हणून आपण लगेच मोटार बदलतो काय? विहिरीपासून पाटाने चालत येतो आणि पाणी कुठे फुटले ते पाहतो. इथेही तसेच करावे. ऊन, प्लेट, वायर, कंट्रोलर, बॅटरी आणि दिवा, याच क्रमाने पाहत यावे.

पहिली पाहणी उन्हाची. प्लेटवरील चौकोन एकामागोमाग एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली तरी साऱ्या रांगेची वीज अडते. कोपीवरची पाचटाची काडी, बांबूचे टोक, बांधावरचे झाड एवढेही पुरते. कारखान्याच्या धुराड्यातील काजळी आणि गाडीवाटेची धूळ प्लेटवर बसते, ती सकाळी प्लेट थंड असताना ओल्या फडक्याने पुसावी. भांड्यासारखी राखेने मात्र घासू नये, काचेवर चरे पडतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून प्लेटचे तोंड दक्षिणेला ठेवून तिला चांगला उतार द्यावा.

दुसरी पाहणी वायरीची, आणि बहुधा चोर इथेच सापडतो. टोळी या शिवारातून त्या शिवारात हलते. ट्रॉलीच्या हादऱ्याने स्क्रू ढिले होतात, पीळ देऊन चिकटपट्टी लावलेले सांधे दहिवराने हिरवट पडतात. मोटार वाइंडिंगच्या दुकानात व्होल्ट मोजायचा मीटर असतो. प्लेटची वायर सोडून भर उन्हात मोजले तर बारा व्होल्टच्या प्लेटवर अठरा ते बावीस व्होल्ट दिसावेत. ते दिसले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. खराब सांधाही मोकळ्या वायरीवर पुरे व्होल्ट दाखवतो, करंट वाहू लागला की अडतो. म्हणून सारे जोडून, बॅटरी उतरलेली असताना, दोन ठिकाणी मोजावे : प्लेटच्या मागे आणि कंट्रोलरच्या तोंडाशी. प्लेटपाशी एकोणीस आणि कंट्रोलरपाशी साडेबारा, असे आढळले तर मधला सांधाच वीज खातो आहे. तो तोडून, तांबे खरवडून, घट्ट जोडला की काम भागते. वायर फार बारीक आणि लांब असली तरी हाच दोष येतो.

तिसरी पाहणी बॅटरीची. दिवसभर ऊन खाल्ल्यावर प्लेट व दिवे सोडून, तास-दोन तासांनी मोजावे. साध्या शिशाच्या बॅटरीत १२.६ च्या आसपास व्होल्ट असतील तर ती भरली आहे. भरलेली बॅटरी दोन लहान दिव्यांवर अर्ध्या तासात बसली, तरच ती थकली असे समजावे. टोपणांची बॅटरी असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नदीचे पाणी चालत नाही.

शेवटी जमाखर्च. चाळीस वॅटची प्लेट पाच तासांच्या चांगल्या उन्हात कागदावर दोनशे वॅट-तास देते, हाती साधारण एकशेचाळीस लागतात. पाच-पाच वॅटचे दोन दिवे पाच तास जळले तर पन्नास, तीन फोनांचे धरा तीस. इथवर ठीक. त्यात बारा वॅटचा पंखा सहा तास फिरवला की बहात्तर वाढले आणि खर्च जमेच्या पुढे गेला. अशा वेळी दोष कुठल्याच वस्तूत नसतो.

काही पथ्ये पाळावीत. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. सोडताना आधी प्लेट, मग बॅटरी. बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज हवाच. तो जळाला तर तारेचा तुकडा घालू नये, पाचटाच्या कोपीला आग लागायला एक ठिणगी पुरते. चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती चुलीपासून व विडीपासून दूर ठेवावी. तिच्यातले आम्ल लेकरांच्या हाती लागू देऊ नये.

आपल्या फडात टोळी उतरली असेल तर एक पाना, थोडी चांगली वायर आणि गावातल्या वायरमनचा अर्धा तास एवढे देणे कोणत्याही शेतकरी घराला जड नाही. टोळीतल्या एखाद्या शाळकरी पोराला मीटर धरायला शिकवले तर आणखी उत्तम. पुढच्या अड्ड्यावर तोच दहा कोपींचे दिवे लावील. आणि पट्टा पडून टोळी परत निघाली की त्यांना एवढे सांगावे : बॅटरी पुरी भरून ठेवा आणि पावसाळ्यातही महिन्यातून एकदा तिला चार्ज करा. रिकामी ठेवलेली बॅटरी पडून-पडूनच मरते.