अब्दुल रह

‘अब्दुल’ हे अर्धंच नाव आहे. उर्दूच्या तासाला मी हे दरवर्षी मुलांना सांगतो. ‘अब्द’ म्हणजे बंदा, सेवक. ‘उल’मुळे तो पुढच्या शब्दाला जोडला जातो. अब्दुल रहमान म्हणजे रहमानचा, त्या अत्यंत दयाळूचा बंदा. अब्दुल कादिर म्हणजे सर्वशक्तिमानाचा बंदा. नुसतं ‘अब्दुल’ म्हटलं की ‘अमक्याचा बंदा’ एवढंच उरतं, अमका कोण ते राहूनच जातं. म्हणून आपल्याकडची जुनी जाणती माणसं कुणी नुसती ‘अब्दुल’ अशी हाक मारली की हळूच पूर्ण नाव सांगतात. नावाचा अर्थ दुसऱ्या शब्दात असतो आणि कापाकापीत नेमका तोच आधी जातो.

हे सगळं आठवायला एक शाळा सोडल्याचा दाखला कारण झाला. एका मुलीचे वडील तो घेऊन माझ्याकडे आले होते. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश घ्यायचा होता आणि कागद तपासणाऱ्याने दाखला परत केला होता. आधार कार्डावर नाव पूर्ण होतं, दाखल्यावर शेवटी ‘अब्दुल रह’ एवढंच. कागद जमा करायला चार दिवस उरले होते. “सर, हमारे अब्बा का नाम आधा कर दिया,” एवढंच ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण दाखल्याची घडी ते पुन्हा पुन्हा घालत होते.

मी भाषेचा शिक्षक. पण शाळेत ज्याला संगणकाची थोडी गोडी असते त्याच्याकडे अशी कामं आपोआप येतात. जनरल रजिस्टरातली नावं काही वर्षांपूर्वी संगणकावर चढवली होती आणि त्याची देखभाल एक माजी विद्यार्थी करतो. त्याला बोलावलं आणि आम्ही दोघं शोधायला बसलो.

पहिला संशय छपाईवर आला. दाखल्याच्या नमुन्यात नावाची जागा अरुंद असेल, म्हणून शेवट कापला गेला असेल. पण पडद्यावर नोंद उघडली तर तिथेही ‘अब्दुल रह’च. दुसरा संशय टंकलेखनावर. मग जुनी बॅकअप प्रत उघडली. तिच्यात नाव पूर्ण होतं, म्हणजे नाव बरोबरच चढवलं होतं आणि नंतर केव्हातरी कापलं गेलं होतं.

तिसरी गोष्ट आम्ही केली ती मोजणी. डेटाबेसला विचारता येतं की या रकान्यातल्या प्रत्येक नावाची लांबी किती. उत्तर आलं आणि दोघंही गप्प झालो. एकही नाव 50 पेक्षा लांब नव्हतं, आणि बरोबर 50 लांबीची नावं मात्र एकाखाली एक बरीच होती. माणसांची नावं अशी एका रेषेवर येऊन थांबत नाहीत. कुणाचं 47 असतं, कुणाचं 53. सगळी एकाच आकड्यावर अडली असतील तर तिथे कुणीतरी भिंत घातली आहे असं समजावं.

भिंत कुणी घातली हे आठवायला त्या मुलाला दोन मिनिटं लागली. नावावरून शोध लवकर लागावा म्हणून त्याने रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’वरून ‘व्हारचार’ केला होता. टेक्स्ट म्हणजे हवा तेवढा मजकूर. व्हारचार म्हणजे ठरलेल्या कमाल लांबीपर्यंतचा मजकूर. ही कमाल लांबी द्यावी लागते. त्याच्या हातातल्या साधनात प्रकार निवडला की शेजारच्या चौकटीत 50 हा आकडा आपोआप येत होता. “मैं तो सिर्फ टाईप बदला, सर,” तो म्हणाला. खरंच होतं. त्याने फक्त प्रकार बदलला, लांबी साधनाने ठरवली आणि जतन करण्याच्या एका बटणासरशी दोन्ही गोष्टी लागू झाल्या.

सर्व्हरने तरी अडवायला हवं होतं की नाही? डेटाबेस दोन रीतींनी वागू शकतो. कडक रीत असेल तर ‘मजकूर मावत नाही’ म्हणून तो बदलच नाकारतो. शिथिल रीत असेल तर जास्तीचा मजकूर कापतो, बाजूला एक इशारा नोंदवतो आणि पुढे जातो. मायएसक्यूएलमध्ये कडक रीत मूळ मांडणीतच आली ती 2015 साली आलेल्या 5.7 या आवृत्तीपासून. आमचा सर्व्हर जुन्या शिथिल वळणाचा होता. त्याने इशारा दिलाही असेल, पण इशाऱ्याची ती खिडकी कुणी उघडत नाही.

इथे माझ्यातला भाषाशिक्षक जागा झाला. मी त्याला विचारलं, “मोहम्मद या शब्दाची लांबी किती?” तो म्हणाला चार. डोळ्याला चारच दिसतात: मो, ह, म्म, द. पण संगणक म, ओकार, ह, म, हलन्त, म, द असं मोजतो. झाले सात. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, प्रत्येकाला स्वतंत्र जागा लागते. उर्दूत हेच नाव मीम, हे, मीम, दाल असं चार हरफांत संपतं, कारण जेर-जबर आपण सहसा लिहीतच नाही. त्या मुलीचं नाव आजोबांच्या नावासकट आठ शब्दांचं. उर्दू लिपीत ते चाळिशीच्या आत बसलं असतं. देवनागरीत ते 53 झालं. शेवटचे तीन, म्हणजे म, काना आणि न, भिंतीबाहेर पडले. उरलं ‘रह’.

वर्गात आडनाव आणि एकेरी नावाची मुलं होती, त्यांना काहीच झालं नाही. कापली गेली ती लांब नावं. आपल्याकडे सय्यद, मोहम्मद, अब्दुल असे शब्द एकाच नावात ओळीने येतात, म्हणून आपली जास्त. यात कुणाचा आकस नव्हता. तो आकडा ज्याने ठेवला त्याच्या डोळ्यांपुढे कुठलं तरी एक सर्वसाधारण नाव असणार आणि त्याला 50 पुरेसे वाटले असणार. पण आकस नसतानाही नुकसान तेच होतं. दाखल्यावरच्या नावावर पुढचे सगळे कागद उभे राहतात, आणि विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर नोंदीत बदल करणं सोपं नसतं.

आपल्या वाचकांपैकी कुणी मदरशाची, मस्जिद ट्रस्टची, पतसंस्थेची किंवा दुकानाची यादी संगणकावर ठेवत असेल, त्याच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. न सांगितलेली लांबी प्रत्येक डेटाबेस आपापल्या सवयीने धरतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोघंही नुसत्या ‘चार’चा अर्थ एकच अक्षर असा घेतात. पण आकडा न दिलेला व्हारचार पोस्टग्रेसमध्ये अमर्याद असतो आणि मायएसक्यूएल तो स्वीकारतच नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘डेसिमल’ला आकडे दिले नाहीत तर दशांशाला जागाच राहत नाही, 67.5 गुणांचे 68 होतात. मोबाइल क्रमांकाचा रकाना मजकुरावरून ‘इंट’ केला तर तिथे 2147483647 च्या वर काही मावत नाही आणि आपले मोबाइल क्रमांक त्याहून मोठे असतात. शिथिल रीतीत मग सगळ्या पालकांचा क्रमांक हाच एक होऊन बसतो.

म्हणून प्रकार बदलण्याआधी पूर्ण प्रत काढा. त्या रकान्यातली सर्वात लांब नोंद किती आहे ते डेटाबेसलाच विचारा. चौकटीत आपोआप आलेला आकडा खोडून स्वतः विचार करून आकडा लिहा. कडक रीत चालू आहे ना ते बघा. बदल झाल्यावर इशारे वाचा आणि लांबी पुन्हा मोजा. आणि ध्यानात ठेवा, नंतर 50 चे 255 केले म्हणून कापलेली अक्षरं परत येत नाहीत. त्याने फक्त पुढची नावं वाचतात.

आम्हीही आधी रकाना रुंद केला, मग बरोबर 50 लांबीच्या सगळ्या नोंदींची यादी काढली. बॅकअपमधून बहुतेक नावं मिळाली. बॅकअपनंतर दाखल झालेल्या मुलांसाठी हाताने लिहिलेलं जनरल रजिस्टर काढलं. जुन्या कारकुनांचं ते वळणदार अक्षर, जागा संपली तिथे नाव दुसऱ्या ओळीवर उतरवलेलं. त्या माजी विद्यार्थ्याने एकेक नाव मोठ्याने वाचलं, मी पडद्यावर ताडून पाहिलं. इशाच्या अजानपर्यंत काम चाललं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या सहीने नवा दाखला निघाला. मुलीचे वडील तो उभ्या उभ्याच वाचू लागले, बोट शब्दाशब्दावर ठेवत. ‘रहमान’वर बोट थांबलं. मग त्यांनी घडी न घालता दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत सरळ ठेवला आणि सायकल काढली. प्रवेशाच्या मुदतीला तीन दिवस बाकी होते.