पोलादाचं वय उतरवणारी आच

बाल्टिक समुद्राच्या काठी, ग्राइफ्सवाल्डजवळ लुबमिन नावाचं गाव आहे. पाइनचं रान, पांढरी वाळू, आणि तिला लागूनच पूर्व जर्मनीचं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र, आता मोडीत निघालेलं. त्याचा सहावा संच बांधून झाला, पण त्यात इंधन कधी पडलंच नाही. म्हणून तर माझ्यासारख्या प्रवाशाला हेल्मेट घालून, अरुंद लोखंडी जिने चढत थेट त्याच्या पोटात शिरता आलं.

अणुभट्टीचं पात्र जवळजवळ बारा मीटर उंच, भिंत 14 सेंटिमीटर जाड. रुंदी मात्र चार मीटरही नाही. कारण ऐकून मी थक्क झालो: कारखान्यातून ते रेल्वेने न्यायचं होतं! रुंदी आवळली, तसं इंधन आणि भिंत यांच्यातलं अंतरही कमी झालं, आणि न्यूट्रॉनचा मारा पोलादाला जास्त बसू लागला.

या माऱ्याने पोलाद मऊ पडत नाही, उलट कडक होतं. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा पातं कडक होतं, पण पाणी जास्त बसलं की तेच पातं दगडावर टचकन तुटतं. इथेही कडकपणा वाढला की चिवटपणा जातो. न्यूट्रॉन अणूंना जागचे हलवतात, पोलादातलं किंचितसं तांबं सूक्ष्म पुंजक्यांत गोळा होतं, फॉस्फरसही घात करतो. इंधनाच्या उंचीवर येणारा वेल्डचा गोल सांधा सर्वांत आधी ठिसूळ होतो. अशा सांध्यावर अचानक गार पाणी आलं, तर तडा जाण्याची भीती.

इलाज ऐकला आणि मी त्या पात्राकडे पुन्हा नव्याने पाहिलं. पहिल्या संचाचं पात्र 1988 मध्ये रिकामं केलं, आत विजेची गोल भट्टी उतरवली आणि त्या सांध्याचा पट्टा सुमारे 475 अंशांवर दीडशेच्या आसपास तास तापवून ठेवला. रोजच्या कामात हे पोलाद 270 अंशांच्या आसपास असतं; त्या उष्णतेने बिघाड मिटत नाही. वरच्या आचेला मात्र अणूंना हालचालीची मोकळीक मिळते, पुंजके विरतात किंवा मोजके आणि मोठे होतात, कडकपणा उतरतो, चिवटपणा परततो. चौदा-पंधरा वर्षांचा मार काही दिवसांच्या आचेने पुसावा, ही मला या प्रवासातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

1990 मध्ये जर्मनी एक झाली आणि केंद्र बंद पडलं. पुढे तिथल्या पात्रांतून पोलादाच्या चकत्या कापून ड्रेस्डेनजवळच्या रोसेनडॉर्फ संशोधन केंद्रात तपासल्या. इलाज खरोखर लागू पडला होता. समुद्रापलीकडे फिनलंडमध्ये, लोव्हिसाच्या 1977 पासून चालणाऱ्या पहिल्या संचालाही 1996 मध्ये अशीच आच दिली. 2023 मध्ये त्याला 2050 पर्यंतचा परवाना मिळाला आहे.