सिस्टरचं इंग्लिश

तुमच्या ऑफिसमध्येही असा एक जण असणारच. लंच टाइमला डबा उघडा, कानात इअरफोन, आणि साहेब कुठल्यातरी ब्रिटिश बाईची बडबड मन लावून ऐकतायत. विचारलं की उत्तर येतं, 'आयएल्ट्स आहे रे.' मग पुढचा प्रश्न ठरलेला, 'किती बँड पाहिजेत?'

आमच्या घरात ही केस म्हणजे माझी ताई. फरक एवढाच की तिचं ऑफिस म्हणजे मिरजेतल्या एका हॉस्पिटलचा लेडीज वॉर्ड. लंच टाइम नावाची चैन तिथे नसते.

मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव. 1894 मध्ये डॉ. वानलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि तीनच वर्षांत नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. आजही जत, अथणी, चिकोडीकडून पेशंट येतात. ताई मूळची आमच्यासारखीच पक्की सातारकर; पण वॉर्डात आठ वर्षं काढल्यावर आता कानडी आज्यांशी कानडीत भांडते, दखनी बोलणाऱ्या काकूंना दखनीत समजावते, डॉक्टरांशी इंग्लिशमध्ये आणि वॉर्डातल्या मावशींशी सांगलीच्या खास ठेक्यात. चार भाषांत ड्यूटी! तरी यूकेमध्ये नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर इंग्लिश येतं याचा पुरावा हवाच. 'अगं, बीएस्सी नर्सिंग सगळं इंग्लिशमध्येच केलंय ना?' असं आई दर आठवड्याला विचारते. केलंय. पण कोर्स भारतात झालाय, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला एक क्लास लावला. तिथे इंजिनीअर, एमबीए, नर्स, नवऱ्याच्या मागे कॅनडाला निघालेली नवरी, सगळ्यांना एकच औषध: आयएल्ट्स. सरांनी निबंधाची पहिली ओळ पाठ करून घेतली, 'इन धिस मॉडर्न एरा...' विषय कुठलाही असो, मॉडर्न एरा ठरलेला!

नर्सला यूकेसाठी आयएल्ट्सचा अकॅडमिक प्रकार लागतो. एकूण 7, त्यात रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला प्रत्येकी 7 आणि रायटिंगला 6.5. हे रायटिंगसुद्धा पूर्वी 7 लागायचं, 2018 मध्ये अर्ध्या बँडने खाली आणलं. ताई रीडिंग-लिसनिंगमध्ये ओके होती. गाडी अडायची निबंधावर. 40 मिनिटांत 250 शब्द, आणि विषय काय, तर म्युझियमला तिकीट असावं की नसावं. ताई नाईट करून आलेली, डोळे तारवटलेले. म्हणाली, 'मला खरंच काही मत नाहीये गं. असू दे की तिकीट!'

मला हसू आलं, पण त्यात मोठी गोम आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 मध्ये. माझी बॅच त्यात सापडली. ताई माझ्यापुढे चार वर्षं, तिच्या नशिबी पाचवीपासूनच. पण पहिली काय नि पाचवी काय, दोघींनाही शाळेत एकदाही कुणी 'तुझं मत काय?' असं विचारलं नाही. ना इंग्लिशमध्ये, ना मराठीत. गाइडमधलं उत्तर हेच मत. मी पुढे मास कॉम केलं, तिथे मत देण्याचेच मार्क होते. ताईच्या ट्रेनिंगमध्ये मत देणाऱ्या सिस्टरला ओरडा बसतो. स्पीकिंगच्या प्रॅक्टिसला मी कार्ड दिलं: तुम्ही मोकळ्या वेळात काय करता, दोन मिनिटं बोला. ती अख्खा एक मिनिट विचार करत बसली. मोकळा वेळच आठवेना.

मग ओईटीचं कळलं, तेही वॉर्डातल्याच एका ज्युनिअरकडून. ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, फक्त आरोग्यक्षेत्रातल्या 12 पेशांसाठी. यूकेच्या नर्सिंग कौन्सिलने ती 2017 मध्ये मान्य केली. निबंध नाही, पत्र. पेशंटच्या नोट्स वाचायला 5 मिनिटं, मग 40 मिनिटांत पुढच्या डॉक्टरला किंवा घरी येणाऱ्या नर्सला 180 ते 200 शब्दांचं पत्र. स्पीकिंगमध्ये म्युझियम नाही, समोर पेशंट. पाच-पाच मिनिटांचे दोन रोल-प्ले. फी आयएल्ट्सपेक्षा बरीच जास्त. भावजी कुपवाड एमआयडीसीत आहेत, त्यांनी रात्री कॅलक्युलेटर काढला आणि गप्प झाले. माझं म्हणणं होतं, स्वस्त परीक्षा तीनदा देण्यापेक्षा महाग एकदा द्या. ताईला शेवटी पटलं ते वेगळ्याच कारणाने. 'यात निदान मला माहीत असलेलं विचारतात,' ती म्हणाली.

(तुमचा प्लॅन कॅनडाचा असेल तर ओईटीच्या भानगडीत पडू नका. तिथे एक्स्प्रेस एन्ट्रीला आयएल्ट्सचा जनरल ट्रेनिंग, सेल्पिप किंवा जानेवारी 2024 पासून पीटीई कोअर चालते. टोफेल नाही. आणि लिसनिंगला कमी लेखू नका. भाषेचे जास्त पॉइंट मिळवून देणाऱ्या सीएलबी 9 साठी आयएल्ट्समध्ये बाकीच्या तीन ठिकाणी 7 पुरतात, लिसनिंगला 8 लागतात. मित्राने दिली म्हणून तीच परीक्षा, असं करू नका. जिथे कागद जाणार आहे तिथे आधी विचारा.)

गंमत पुढेच आहे. रोल-प्ले ताईला हातचा मळ वाटला होता. मी पेशंट झाले. 'सिस्टर, मला ऑपरेशनची भीती वाटते.' ताईचं उत्तर तयार: 'डोंट वरी, नथिंग विल हॅपन.' आपल्याकडे हे सर्वात प्रेमाचं वाक्य आहे. 'काही होत नाही हो आजी' असं म्हणत खांद्यावर हात ठेवला की निम्मं दुखणं पळतं. पण ओईटीला भाषेइतकाच पेशंटशी कसं बोलता याचाही हिशोब असतो. पेशंटच्या मनात काय आहे ते काढून घेतलंत का, त्याची भीती मान्य केलीत का, पुढची माहिती देण्याआधी त्याला आधीच काय माहीत आहे ते विचारलंत का. नुसता धीर दिलेला चालत नाही. आधी विचारायचं, नक्की कशाची भीती वाटते?

ताई वैतागली. 'एका नर्सकडे वीस पेशंट असताना असं विचारत बसले तर दुपारची इंजेक्शनं रात्री होतील.' खरंय तिचं. तरी एक दिवस तिने वॉर्डात हे करून पाहिलं. अथणीकडची एक आजी तीन दिवस सलाईन लावून घेताना रडायची. सगळे म्हणायचे, नाजूक आहे. ताईने कानडीत विचारलं, कशाला घाबरता? आजी म्हणाली, माझ्या जावेला असंच लावलं होतं नि ती परत आली नाही. दोन मिनिटं लागली, बस. मला वाटतं, ताईची तयारी खरी सुरू झाली ती तिथून.

मुंबईचं सेंटर मिळालं. रिझल्ट आला. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग तिन्हीकडे बी, म्हणजे 350 च्या वर. रायटिंगला लागतो सी प्लस, म्हणजे 300. ताईला 290.

दहा मार्क! पत्रात ती सगळंच लिहिते. पेशंटच्या लहानपणीच्या टायफॉइडसकट. ड्यूटी बदलताना एक गोष्ट सांगायची राहिली तर कुणाचा जीव जाऊ शकतो, हे अंगात भिनलेलं. आणि इथे मार्क आहेत ते काय गाळायचं हे कळण्याला. नशीब एवढंच की बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे मार्क एकत्र धरतात. पण पेपर चारही पुन्हा द्यायचे आणि फीही पूर्ण भरायची.

घरात आता दोन पार्ट्या आहेत. भावजी म्हणतात, दे. आई सरळ नाही म्हणत नाही. साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूलवरून जाताना ती आम्हाला लहानपणी हमखास सांगायची, 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेब इथेच इंग्रजी पहिलीत बसले आणि पुढे पार अमेरिकेला पोचले. तीच आई आता 'मिरजेला काय वाईट आहे?' म्हणते. ताई गेली तर सुरुवातीचे काही महिने सहा वर्षांची भाची साताऱ्याला आजीकडे राहणार, हे ठरलंय. भाचीच्या शाळेची चौकशी आईने कधीच करून ठेवलीय, हे मात्र ती कुणाला सांगत नाही.

दुसरी तारीख पुढच्या महिन्यात आहे. ताई नाईट संपवून मला पुण्याला फोन करते. मी चहा टाकते आणि पेशंट होते. परवाचं कार्ड होतं, सत्तरीची बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डिस्चार्ज नको म्हणतेय. मी ओळ वाचली: माझी मुलगी परदेशात असते, घरी माझं बघायला कुणी नाही.

पलीकडून दोन-तीन सेकंद काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली.

'दॅट मस्ट बी हार्ड,' ताई म्हणाली. 'कॅन यू टेल मी हाऊ यू मॅनेज अॅट होम?'

घड्याळात अजून साडेतीन मिनिटं होती. मी पुढची ओळ वाचली.