३४ ग्रॅम आले कुठून?

बारावी सायन्सच्या मुलांना कुठला विषय जड जातो असं विचारलं, तर बहुतेक जण फिजिक्सचं नाव घेतात. पण परीक्षा तोंडावर आली की मुलं एकमेकांना सगळ्यात जास्त विचारतात ते केमिस्ट्रीतलं. फिजिक्सचं गणित अडतं ते सुरुवातीलाच. काही सुचतच नाही. केमिस्ट्रीचं न्यूमेरिकल सुटत जातं, आकडा हाती येतो, त्याखाली दोन रेघाही ओढून होतात, आणि ते चुकलेलं असतं. कुठे चुकलं हे ज्याचं त्याला दिसत नाही. तिथे दुसरं कुणीतरी लागतं.

तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे. निम्मी मुलं आसपासच्या खेड्यांतून येतात. मुली मानव विकासच्या बसने, मुलं मिळेल त्या एसटीने. कॉलेज सुटल्यापासून बस येईपर्यंतचा वेळ प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात जातो. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे वह्या उघडलेल्या असतात. त्या व्हरांड्यात जे शिकवणं चालतं ते माझ्या वर्गातल्या शिकवण्यापेक्षा वेगळं आहे आणि एका बाबतीत सरस आहे, असं माझं मत झालं आहे.

अकरावीचा मोल कन्सेप्ट बारावीतही पाठ सोडत नाही. त्यावरचा हा नेहमीचा प्रश्न: १४ ग्रॅम नायट्रोजन आणि ६ ग्रॅम हायड्रोजन यांच्यापासून जास्तीत जास्त किती अमोनिया तयार होईल? एका मुलीने तो सोडवला होता. ६ हे १४ पेक्षा कमी, म्हणजे हायड्रोजन आधी संपणार. ६ ग्रॅम म्हणजे ३ मोल हायड्रोजन. ३ मोल हायड्रोजनपासून २ मोल अमोनिया. एका मोलचं वजन १७ ग्रॅम, म्हणून उत्तर ३४ ग्रॅम. मांडणी नेटकी, गुणाकार बरोबर, समीकरणही तोललेलं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने वही स्वतःकडे ओढली. चुकलं असं काही ती म्हणाली नाही.

"अगं, टाकलंस किती?"

"चौदा आणि सहा. वीस."

"मग चौतीस आले कुठून?"

पहिली मुलगी वहीकडे बघत राहिली. मग तिने वही परत घेतली आणि सगळं नव्याने मांडलं. १४ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे अर्धा मोल. त्याला दीड मोल हायड्रोजन पुरतो, आणि आपल्याकडे आहे ३ मोल. म्हणजे आधी संपणार तो नायट्रोजन. अमोनिया १ मोल, १७ ग्रॅम. दीड मोल हायड्रोजन, म्हणजे ३ ग्रॅम, तसाच उरला. १७ आणि ३, वीस. "जुळलं," ती म्हणाली.

हीच वही माझ्याकडे आली असती तर मी सांगितलं असतं, "ग्रॅमची तुलना करायची नाही, मोलची करायची." ते बरोबरच आहे. तिने ते लिहूनही घेतलं असतं. मैत्रिणीने नियम सांगितला नाही, तिने उत्तरालाच जाब विचारला. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आमच्या मुलांना पाठ असतो, लाव्हाझिएच्या नावासकट. पण परीक्षेत एका वाक्यात लिहायचा नियम आपल्याच उत्तरावर लावून बघायचा असतो, हे तिला त्या एका प्रश्नातून कळलं. मैत्रिणीला तो प्रश्न सुचला कसा? तिनेच सांगितलं, "मागच्या आठवड्यात माझे पण चौतीसच आले होते."

सगळं मर्म मला या वाक्यात दिसतं. वर्षानुवर्षं तेच गणित फळ्यावर सोडवणाऱ्या शिक्षकाला वाट इतकी पायाखालची होते की ठेच नेमकी कुठे लागते ते आठवत नाही. आठ दिवसांपूर्वी तिथेच अडखळलेल्या मुलीला ते पक्कं ठाऊक असतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात याच अनुभवावर शिकवण्याची एक पद्धत उभी केली. वर्गात प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपापलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं, आणि त्यानंतर पुन्हा एकदा उत्तर द्यायचं.

हुशाराने कच्च्याला शिकवावं, अशी मदतीची आपली नेहमीची कल्पना असते. व्हरांड्यात मी ती अनेकदा खोटी ठरताना बघितली आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिडचं अतिशय विरल द्रावण, तीव्रता दहाचा उणे आठवा घात मोलर, पीएच किती? एकाने सूत्र लावून ८ लिहिलं. दुसऱ्यालाही सोडवता येत नव्हतं, पण तो अडून बसला: "ॲसिड टाकून पाणी बेसिक कसं होईल?" पहिला म्हणाला, "सूत्रातून तेच येतंय." बराच वेळ दोघे भांडले. शेवटी त्यांच्यातल्याच एकाला आठवलं की हायड्रोजन आयन पाण्याचे स्वतःचेही असतात, आणि इथे ते ॲसिडच्या आयनांपेक्षा जास्त आहेत. ते धरून वर्गसमीकरण मांडलं, उत्तर आलं ६.९८. सातच्या जरासं खाली, जसं असायला हवं तसं. सुरुवातीला दोघांपैकी एकालाही जे येत नव्हतं, ते शेवटी दोघांनाही आलं. यात कुणी कुणाला शिकवलं, हे सांगणं अवघड आहे.

या विषयाची घडणच अशी झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कुणी कार्बनचा अणुभार ६ धरायचे, कुणी १२. ऑक्सिजनचा कुणी ८, कुणी १६. पाण्याचं सूत्र काही जण एच-ओ असंच लिहायचे. अ‍ॅसेटिक ॲसिडसाठी वापरात असलेली १९ सूत्रं केकुले यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात नोंदवली आहेत. गणित प्रत्येकाचं सुटत होतं, पण एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. सप्टेंबर १८६० मध्ये केकुले यांच्या पुढाकाराने जर्मनीतल्या कार्ल्सरूहला सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ जमले. तीन दिवस वाद झाले, निर्णय काहीच झाला नाही. निघताना इटलीच्या स्टानिस्लाव कॅनिझारो यांची एक पुस्तिका त्यांच्या मित्राने उपस्थितांच्या हातात दिली. जिनोआच्या आपल्या विद्यार्थ्यांना आपण हा विषय कसा शिकवतो, याचा तो आराखडा होता. अ‍ॅव्होगॅड्रोने १८११ मध्ये मांडलेली कल्पना धरून चाललं की अणुभार कसे जुळत जातात, ते त्यात पायरीपायरीने दाखवलं होतं. लोथार मायर यांनी ती परतीच्या वाटेवर वाचली आणि त्यांचा गोंधळ मिटला. त्या सभेला सव्वीस वर्षांचा मेंडेलीव्हही हजर होता. १८६९ मध्ये त्याची आवर्तसारणी आली. ती सरळ झालेल्या अणुभारांवरच उभी आहे.

मदतीच्या नावाखाली चालणाऱ्या दोन गोष्टी मात्र मला मान्य नाहीत. पेपर चालू असताना उत्तर पुरवणं ही मदत नव्हे. त्यात समोरच्याचं शिकणंच हिरावलं जातं. दुसरी गोष्ट दिसायला साधी आहे. कुणी अडलं की पूर्ण सोडवलेल्या गणिताचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायचा. विचारणारा तो उतरवून घेतो आणि चूक त्याच्याजवळ जशीच्या तशी राहते. व्हरांड्यातल्या मुलींचा एक न लिहिलेला नियम आहे आणि तो मला फार आवडतो: आधी तू कसं केलंस ते दाखव. तेवढ्याने निम्मं काम होतं.

आता हे कमी होत चाललं आहे, आणि त्याची मला खरी काळजी वाटते. आपण सांगितलं तर दुसरा पुढे जाईल, ही भीती मुलांच्या मनात भरवली जाते, कधी क्लासमध्ये, कधी घरी. हिशेब करून बघा. नीटला २० लाखांहून जास्त मुलं बसतात. त्यात आपल्या बाकावरच्या एकाला दोन प्रश्न समजावले, तर आपल्या क्रमांकावर किती परिणाम होणार? उलट बाजूही पाहा. नीटमध्ये केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ४ गुणांचे, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. मैत्रिणीने सहज पकडली असती अशी एक चूक पेपरात गेली, तर ४ हातचे जातात आणि वर १ कापला जातो. स्पर्धेच्याच भाषेत बोलायचं तरी सोबत बसण्यात तोटा नाही. शिवाय समजावून सांगताना आपण जिथे चाचरतो, तिथे आपलं स्वतःचं कच्चं असतं. कितीही टेस्ट सिरीज दिल्या तरी ते इतकं लख्ख कळत नाही.

माझ्या सहकारी शिक्षकांना एक विनंती आहे. पोर्शन संपला की आठवड्यातले दोन तास मुलांना द्या. फळ्यावर प्रश्न लिहा, उत्तर लिहू नका, आणि वर्गात आवाज वाढला तर गप्प करू नका. आणि पालकांनो, मुलगी फोनवर मैत्रिणीला गणित समजावत बसली असेल तर "तुझं तू बघ" असं तिला म्हणू नका. त्या वेळी तिचाही अभ्यासच चाललेला असतो.