गांडुळं, कणीक आणि चकती

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. एप्रिलमध्ये मुलाकडे सिअ‍ॅटलला जाऊन आले. ट्यूलिपची शेतं, बर्फाचे डोंगर वगैरे फोटो तुम्ही पाहिलेच असतील, त्यामुळे ते सगळं पुन्हा लिहीत नाही. आज लिहायचंय ते एका दुकानातल्या भिंतीबद्दल. (दादा, तूही वाच. शेवटी तुझ्यासाठी काम आहे.)

नातोबांना सध्या मासे पकडायचं वेड लागलंय. वय वर्षं नऊ. एका शनिवारी सगळे मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. मुलगा आणि सून काठ्या बघत होते, आणि नातवानं मला ओढत एका भिंतीपाशी नेलं. वरपासून खालपर्यंत नुसत्या चकाकणाऱ्या वस्तू टांगलेल्या! स्पिनर म्हणतात त्याला. एक बारीक तार, तिच्यावर पितळेचे मणी, मण्यांच्या वर पाण्यात गरगर फिरणारी पातळ चकती आणि खाली तीन काट्यांचा गळ. खायला काही नाही. नुसती चमक आणि थरथर, तेवढ्यावर मासा फसतो.

"आजी, यातला कोणता घ्यायचा?"

आता आली का पंचाईत! आजीनं आयुष्यात एकदाही गळ टाकलेला नाही.

आमचे आण्णा नांदेडला गोदावरीवर मासे धरायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट, विष्णुपुरीचं धरण अजून झालेलं नव्हतं. उन्हाळ्यात नदी आटून डोह उरायचे आणि त्यात मरळ, वाम, रोहू असायचे. वेळूची काठी, ज्वारीच्या धांड्याचा तुकडा तरंगायला, शिशाचा मणी आणि गळ. रविवारी आण्णा आणि दादा निघायचे. माझं काम आदल्या दिवशीचं. परसातली ओल उकरून गांडुळं काढायची आणि रोहूसाठी कणीक मळून द्यायची. "मी पण येते" म्हटलं की आण्णांचं ठरलेलं, "पोरीच्या जातीनं नदीवर येऊन काय करायलीस?" मी दारात उभी राहायचे. संध्याकाळी दोघं आले की जेवताना आण्णा दादाला शिकवायचे, आणि मी भाकरी वाढता वाढता ऐकायचे. एक वाक्य तर पाठच झालंय, "गळाकडं काय बघायलास? आधी पाण्याकडं बघ."

तेच वाक्य त्या भिंतीसमोर आठवलं. नातवाला विचारलं, "पाणी कसं आहे तिथलं?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग दुकानातले एक वयस्कर गृहस्थ मदतीला आले, सुनेनं दुभाष्याचं काम केलं. जायचं होतं शहरातल्याच ग्रीन लेकवर. तिथे रेनबो ट्राउट आणून सोडतात. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा, त्याला थंड, भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. आपल्याकडे तो काश्मीर, हिमाचल, नाहीतर मुन्नारसारख्या उंच जागीच टिकला. मरळ कशी, वर येऊन हवेतून श्वास घेते, चिखलातही तग धरते. आम्ही लातूरकर मरळीच्याच जातीचे!

ते गृहस्थ सांगत गेले, आणि मला सगळं ओळखीचं वाटू लागलं. नदीत टाकलेली चकती वाहत्या पाण्यानंही फिरते. तळ्यात पाणी स्थिर, तिथे आपण दोरा गुंडाळला तरच ती फिरणार. म्हणून तळ्यासाठी हळू ओढलं तरी फिरणारी घ्यावी, म्हणजे रुंद, गोलसर पात्याची. अरुंद, विळूच्या पानासारखी चकती लवकर खाली जाते. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की ट्राउट खोल जातो, तेव्हा ती कामाची. एप्रिलमध्ये तो काठाजवळ असतो. आकडा जितका लहान तितकी चकती लहान. सोडलेले मासे वीतभर, त्यांना शून्य किंवा एक नंबर पुरे. पण फारच हलकी घेतली तर पोराच्या हातून लांब जाणार नाही, म्हणून एक. रंगाचा साधा ठोकताळा असा की ऊन आणि नितळ पाणी असेल तर चांदीचा, ढगाळ किंवा गढूळ असेल तर सोनेरी नाहीतर तांब्याचा.

बाहेर ढग होते. मी एक नंबरची सोनेरी काढली. मेप्सची, १९३८ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली कंपनी. शिवाय दोऱ्याला पीळ पडू नये म्हणून एक छोटी फिरकीची कडी. गृहस्थांनी मान डोलावली. मी उगाचच ताठ झाले.

तळ्यावर गेल्यावर कळलं की तिथे १५ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, मोठ्यांना लागतो. मुलानं स्वतःचा काढला होता. माझा नव्हता. म्हणजे साठी उलटल्यावरही मी पुन्हा काठावरच! बाप-लेक गळ टाकतायत आणि आई डबा धरून उभी.

समोर काठोकाठ पाणी. मला २०१६चा एप्रिल आठवला. मांजरा धरण कोरडं पडलेलं, आणि १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली होती, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा आमच्याकडे भांडी घासलेलं पाणीसुद्धा बादलीत साठायचं. आणि इथे लोक पाण्याशी खेळतायत. राग नाही आला, पण घशात काहीतरी अडकलं.

नातू भराभर गुंडाळत होता, चकती पाण्यावर नाचत होती. मी म्हटलं, "टाकलीस की पाचपर्यंत मोज, मग हळू ओढ. ती फिरतेय एवढं हाताला कळलं की बास." चौथ्या वेळेला काठी वाकली! वीतभर ट्राउट, अंगावर गुलाबी पट्टा. पोरानं किंचाळून माझ्याकडे बघितलं, बापाकडे नाही.

मुलगा म्हणाला, "आई, तुला हे सगळं कसं माहीत? तू तर कधी गेली नाहीस ना नदीवर?"

"नाही नेलं कधी," मी म्हटलं. एवढंच. पण आवाज बदलला असावा. तो काही बोलला नाही. रात्री त्यानं माझ्या नावाचा एका दिवसाचा परवाना काढून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी गळ टाकला. पहिला मागच्या झाडात, दुसरा पायाशी. पंधरा-वीस वेळा टाकल्यावर एकदा नीट लांब गेला. पाच मोजले, ओढलं, आणि चकतीची थरथर दोऱ्यातून बोटांत आली. मासा एकही मिळाला नाही. आण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याशी हा हिशोब आता मिटणार नाही, हे मला कळतं. पण त्यांनी दादाला दिलेलं माझ्याही कानावर पडत होतं, हे त्यांना कुणी सांगायला हवं होतं.

असो. ती सोनेरी चकती येताना आणलीय, शिवणाच्या डब्यात आहे. दादा, मरळ चकतीवरही येते म्हणे. दिवाळीला नांदेडला येतेय, विष्णुपुरीच्या पाण्यावर जाऊ. काठी माझ्या हातात राहील. तू गांडुळं उकरून ठेव, लागली तर.