पश्चिमेची भिंत

माळवदाच्या घरात वाढलेल्या बाईला भिंत म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. बीदरकडं तांबडा जांभा, कलबुर्गीकडं शहाबादी दगड. हात-दीड हात रुंद भिंती, वर लाकडं टाकून मातीचा जाड थर. दिवसाचं ऊन अशा भिंतीतून आत यायलाच रात्र होते. आता नऊ इंची विटा आणि सिमेंटचा स्लॅब. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि निजायच्या वेळेला ती धग खोलीत सोडते.

आमच्या सासूबाईंची खोली नेमकी पश्चिमेला. सूर्य मावळला की त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत. वय ऐंशीच्या पुढं, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर. मुलगा म्हणाला, "आजी, एसी बसवू." त्या म्हणाल्या, "आणि लाईट गेल्यावर?" आमच्याकडं हा प्रश्न बिनतोड आहे. नेम मोडा असं म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि म्हणावं असं मलाही वाटत नव्हतं. मग भिंतीकडंच बघायचं ठरलं.

भिंतीला आतून थर्माकोलच्या शीट आणि वरून जिप्सम बोर्ड लावायचा होता. मिस्त्री लाकडी पट्ट्या ठोकणार होता. मी म्हटलं, लाकूड म्हणजे उद्या वाळवी, आणि वाळवी म्हणजे औषध फवारणं आलं. त्यापेक्षा पत्र्याचे चॅनल लाव. खर्च थोडा वाढला. गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले.

खिडक्या नव्या, सरकत्या. पण चौकट आणि भिंत यांच्यात फट राहिलेलीच. उन्हाळ्यात त्यातून झळ आणि फरशीच्या खाणींकडची धूळ, पौषात गार वारं. पेटती उदबत्ती चौकटीभोवती हळूहळू फिरवा. धूर वाकतो तिथं फट. मिस्त्री फोमची नळी घेऊन आला, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांब रे बाबा, आत मुंग्या आहेत." तो फोम फुगून घट्ट होतो, आतला जीव आतच राहतो. मऊ कुंच्यानं फटी झाडल्या, एक दिवस तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी "अव्वा, आता भरू का?" असं त्यानंच विचारलं.

फटी बुजवल्या म्हणजे खोली कोंडायची नव्हे. दुपारी खिडक्या बंद, रात्री बारीक जाळी लावून उघड्या. वारा येतो, दिव्यावरचे किडे येत नाहीत. खोली थंडगार झाली असं मी म्हणणार नाही. पण भिंतीला हात लावला तर चटका बसत नाही, आणि सासूबाईंना पहाटेपर्यंत झोप लागते.

हे काम करायचंच असेल तर आषाढाआधी उरका. पावसात ओल आत अडकते, आणि फटीफटीत जीव आसऱ्याला आलेले असतात. शास्त्रात यत्नाचार म्हणतात. आपल्या घरात तो बहुतेक वेळा कुंच्याच्या रूपानंच असतो, आणि कुंचा बाईच्याच हातात असतो.